उधन्याला उतरलेला माणूस

हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नाही. नव्वदच्या दशकात आम्ही मुलांना घेऊन जनरल डब्यातूनच देश हिंडायचो. एकदा सुरतेला गाडीत बसलो, ती सुटायलाच दोन तास लागले; समोर एक खानदेशी लूमकामगार, त्याची बायको आणि दोन पोरं. माणूस कसला, वैताग! आमच्या पिशव्या हलवी, वरच्या फळ्यांना चादर बांधून माझ्या मुलांना झोके देई, वर उपदेश: "साहेब, रिझर्वेशनवाला फिरत नाही, नुसता पोचतो."

उधन्याला, सुरतेनंतरच्या पहिल्याच स्टेशनावर, तो आमच्याच बाटल्या भरायला उठला. "थांबेल ना गाडी?"

दोनच मिनिटं थांबते हे ठाऊक असून, पीडा टळावी म्हणून मी म्हणालो, "वीस मिनिटं."

तो नळावर असतानाच गाडी सुटली.

"यास्ले कधी अक्कल येई, भाऊ!" त्याची बायको रडत मलाच म्हणाली. पुढच्या स्टेशनावर ती पोरं घेऊन उतरली. 'चूक माझी आहे, ताई,' एवढंही माझ्याच्यानं बोलवलं नाही.