बिनपडद्याचा डबा

बहात्तर पायऱ्या. दादा त्या शेकडो वेळा चढला होता, पण ओझं घेऊन पहिल्यांदाच. ओझं म्हणजे कॉम्प्युटरचा जुना, पाठीला कुबड असलेला काचेचा पडदा. वीस किलोंच्या आसपास. गोदामात चौतीस वर्षं पोती वाहिलेल्या माणसाला वजनकाटा लागत नाही. पोतं बरं, ते खांद्यावर बसतं. हा पडदा कुठल्याच अंगाने बसत नव्हता. तिसऱ्या मजल्यावर त्याने तो कठड्याला टेकवला, पाठ सरळ केली आणि पुन्हा उचलला.

चौथ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत त्याची धाकटी बहीण एकटी राहायची. एका मोठ्या कंपनीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर तिने सव्वीस वर्षं काढली. साडेतीनशे नंबर तोंडपाठ. सगळी इमारत तिला ऑपरेटर म्हणायची. सहा महिन्यांपूर्वी एक्स्चेंज बंद झालं, नोकरी गेली, नाव काही गेलं नाही.

"काय आणलंस एवढं धापा टाकत?" दार उघडून तिने विचारलं.

"पडदा."

"कसला?"

"कॉम्प्युटरचा. टीव्हीवाला म्हणाला, तुझ्या कॉम्प्युटरचा डबा तयार आहे, उद्या आणून देतो. म्हटलं, नुसत्या डब्याचं काय करणार? मुंडक्याशिवाय धड. हा त्याच्या दुकानाबाहेर पडला होता. उचलला."

ऑपरेटरने हात पुढे केला. काचेवरून, मग कुबडावरून बोटं फिरवली. आणि ती मटकन खाटेवर बसून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"अरे दादा, आंधळीच्या घरी आरसा आणलास!"

ती जन्मापासून आंधळी. दादाने तिला लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं होतं. पन्नास वर्षांत ही गोष्ट तो कधी विसरला नव्हता. आज विसरला, आणि तेही सलग बहात्तर पायऱ्या.

"फुकट मेहनत," तो पुटपुटला. जड कामाला तो कधी भ्याला नाही. फुकट कामाची मात्र त्याला चीड होती.

दुसऱ्या दिवशी पडदा त्यानेच खाली नेला. बहात्तर पायऱ्या, पुन्हा फुकट.

नोकरी गेल्यापासून दादाने धोशा लावला होता, खोली सोड आणि आमच्याकडे राहायला ये. वहिनीचीही ना नव्हती. ऑपरेटरचं उत्तर ठरलेलं. "तुमच्याकडे मी पाहुणी. इथे मीच घरधनीण." मग याच महिन्यात तिला एका हॉस्पिटलच्या कामाची बातमी लागली होती, म्हणून तर हा डबा. डॉक्टर तपासणीचा अहवाल बोलून रेकॉर्ड करतात, तो ऐकून घरबसल्या टाइप करायचा. आधी नमुन्याचे दहा अहवाल. पसंत पडले तर कायमचं काम.

"महिनाअखेरपर्यंत थांब," तेव्हाच ती दादाला म्हणाली होती. "काम मिळालं तर खोली राहील. नाही मिळालं तर मी गाठोडं बांधते, तू उचल."

दादा "बरं" म्हणाला होता. आणि जाता जाता तळमजल्यावर घरमालकांच्या दारात थांबून सांगून गेला होता की पहिल्या तारखेपासून खोली रिकामी धरा. यात लबाडी आहे असं त्याला वाटलं नाही. जे होणारच आहे ते वेळेवर सांगितलेलं बरं, एवढंच.

टीव्हीवाला डबा घेऊन आला. एके काळी तो टीव्ही दुरुस्त करायचा. आता टीव्ही कोणी दुरुस्त करून घेत नाही, म्हणून तो लोकांनी टाकलेले कॉम्प्युटर उघडून बसतो. एका ऑफिसने भंगारात काढलेला हा डबा चौदा वर्षांचा होता. एका बाजूला पोचा आलेला, झाकणाला एकच स्क्रू.

"चालतो का हा?" दादाने विचारलं.

"हळू चालतो म्हणून टाकला त्यांनी."

"मग आम्हाला कशाला?"

"दादा, हळू कशाने चालतो? चित्रांनी. खिडक्या उघडायच्या, रंग भरायचे, सावल्या पाडायच्या. सगळा जीव नटण्यात जातो. ताईंना त्यातलं काहीच नको. मी सगळं उतरवलं. आता आत फक्त अक्षरं आणि आवाज. अक्षराला वजन असून असून किती?"

हे दादाला लगेच पटलं. रिकामी हातगाडी म्हातारा माणूसही पळवतो, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

डब्याचं बटण दाबल्यावर पंखा घरघरला आणि थोड्या वेळाने आतून एक कोरडा आवाज बोलू लागला. ऑपरेटर जी कळ दाबेल तिचं अक्षर सांगायचा, ओळ पुरी झाली की ओळ वाचायचा.

"वेग वाढवा," ती म्हणाली.

टीव्हीवाल्याने वाढवला.

"अजून."

"ताई, आता मलाच कळत नाहीये."

"तुम्हाला कशाला कळायला हवं? अजून."

शेवटी, हॉस्पिटलने वानगीदाखल दिलेला एक अहवाल वाचताना, पत्र्यावर हरभरे सांडावेत तसा नुसता तडतडाट झाला. दादा म्हणाला, "बिघडलं. आणल्या दिवशीच बिघडलं."

"बिघडलं नाही," ऑपरेटर शांतपणे म्हणाली. "तो म्हणतोय, रुग्णाचं वय एक्केचाळीस, ताप नाही, भूक चांगली, उजव्या खांद्यात तीन आठवड्यांपासून दुखणं."

दादाने टीव्हीवाल्याला तीच ओळ सावकाश लावायला सांगितली. कोरड्या आवाजाने एकेक शब्द सुटा करून सांगितला. वय एक्केचाळीस. ताप नाही. भूक चांगली. खांदा उजवा. तीन आठवडे. दादाने पुन्हा लावायला सांगितलं. फरक नव्हता. ज्या बहिणीला आयुष्यभर हात धरून रस्ता ओलांडायला मदत केली, ती इतक्या वेगाने कुठे जात असते याचा त्याला पत्ताच नव्हता.

"हे कसं जमतं तुला?"

"तू पोत्याकडे बघून वजन सांगतोस ना? मग? सव्वीस वर्षं एका कानात साहेब आणि दुसऱ्या कानात त्यांचं गिऱ्हाईक. कान तयार होतात."

एक अडचण राहिली. डॉक्टर भरभर बोलतात. रेकॉर्डिंग थांबवायचं, चार शब्द मागे न्यायचं, पुन्हा चालू करायचं, हे हाताने करायचं तर दर वाक्याला बोटं कळांवरून उठायची. टीव्हीवाल्याने टाकलेला एक माऊस फोडला. आतली दोन बटणं आणि वायर बाहेर काढली.

"ताई, माऊस हातात धरून तुम्हाला उपयोग नाही. पायाखाली देतो. डाव्या पायाने मागे, उजव्याने चालू. फक्त लाकूडकाम कोणीतरी करा."

"मी करतो," दादा म्हणाला. पडद्याचं त्याला फेडायचं होतं.

पहिली फळी त्याने स्वतःच्या पायाच्या अंदाजाने केली. दुपारपर्यंत ऑपरेटरच्या नडगीत कळ आली. "यावर बैल उभा करायचाय का?" तिने विचारलं. दुसरी फळी हलकी झाली, पण फरशीवर सरकायची. तिसऱ्या फळीला त्याने टाचेकडे उतार दिला, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर मारलं आणि मग स्टुलावर बसून स्वतः पाचशे वेळा दाबून बघितली. ओझं एकदाच उचलायचं असेल तर कसंही उचला, चालतं. दिवसात हजारदा करायच्या कामात मुंगीएवढा जोर जास्त लागला तरी संध्याकाळी तो हाडात उतरतो. पाचशेनंतर त्याचा पाय दुखला नाही. मगच त्याने फळी दिली.

सहा दिवसांत दहा अहवाल झाले. टीव्हीवाल्याने ते पेनड्राइव्हवर घालून हॉस्पिटलला पोचवले. तिसऱ्या दिवशी नोंद विभागाच्या मॅडमचा फोन आला. ऑपरेटर ऐकत राहिली. "हो" म्हणाली, "येते" म्हणाली, आणि फोन जरा जोरात ठेवला.

"काय झालं? चुका निघाल्या?" दादाने विचारलं.

"एकही नाही. म्हणून तर! दहा अहवालांत एक चूक नाही, आणि अर्जात लिहिलंय दिसत नाही. त्यांना वाटतं दुसऱ्या कोणाकडून तरी करून घेतलं. उद्या समोर बसून करून दाखवायचंय. दोनचार चुका केल्या असत्या तर विश्वास बसला असता."

महिना संपायला दोन दिवस होते. दादाला एवढंच म्हणायचं होतं, की राहू दे, कशाला अपमान करून घेतेस, चल घरी. ते शब्द तोंडापर्यंत आले. मग त्याला तो तडतडाट आठवला. तो म्हणाला, "डबा मी उचलतो."

चादरीत गुंडाळलेला डबा त्याने खांद्यावर घेतला; कीबोर्ड आणि फळी तिच्या पिशवीत. पडद्याच्या निम्माही नव्हता, पण जास्त जपून नेला.

नोंद विभाग म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला छतापर्यंत फायली, चार टाइपिस्ट, वर एक पंखा. मॅडमनी टेबल मोकळं करून दिलं.

"तुमचा स्क्रीन?"

"लागत नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"मला लागतो," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच्या टेबलावरचा पडदा उचलून त्यांनी डब्याला जोडून घेतला. मग त्यांनी मुद्दाम निवडलेलं रेकॉर्डिंग दिलं. पंख्याच्या घरघरीत बोलणारे डॉक्टर, मध्येच खोकणारे. विभागातल्या दोघींनी ते परत केलेलं होतं.

ऑपरेटरने कानांत इअरफोन घातले, पाय फळीवर ठेवले आणि सुरू केलं.

दादा आजवर तिच्या खोलीत बसून फक्त ऐकत आला होता. आज पहिल्यांदा त्याला दिसलं. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटत होती आणि थांबत नव्हती. तो एक ओळ वाचून होईपर्यंत तिची तिसरी सुरू व्हायची. एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात तो डब्यातला आवाज तिने टाइप केलेलं तिलाच परत सांगणारा, आणि पायाखाली वेळ, चार पावलं मागे, पुन्हा पुढे. भंगारात गेलेला डबा, फोडलेला माऊस, फळीचा तुकडा आणि सव्वीस वर्षांचे कान. यातलं काहीच कोणाला नको होतं. दादाने आयुष्यात पुष्कळ मेहनत पाहिली होती. मेहनत म्हटली की घाम, धापा, ताणलेल्या शिरा. इथे मान हलत नव्हती. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली, का ते त्याला सांगता आलं नसतं.

अचानक तिची बोटं थांबली. डावा पाय दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा.

"अडलं का?" मॅडमनी विचारलं.

"डॉक्टर सुरुवातीला डावा गुडघा म्हणाले. आता उजवा म्हणतायत. तुम्ही ऐकून बघा."

मॅडमनी इअरफोन लावला. ऐकलं. कपाळाला आठी पडली. "हो. मग तुम्ही काय लिहिलंत?"

"जे ऐकलं ते. दोन्ही. आणि वरच्या ओळीत शंका लिहिली."

"आधी डावा म्हणाले म्हणजे डावाच असणार. दुरुस्त करून टाकायचं."

"कशावरून? एक्स्चेंजवर नंबर चुकीचा वाटला तरी ऑपरेटरने आपल्या मनाने फिरवायचा नसतो, विचारायचं. गुडघा माझा नाही, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. डॉक्टर मिळायला वेळ लागला. खोलीत कोणी टाइप करत नव्हतं. मॅडमनी दोन वाक्यांत विचारलं, ऐकलं, फोन ठेवला.

"उजवा," त्या म्हणाल्या.

मागे हसलेली टाइपिस्ट उठली आणि ऑपरेटरसाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. "हे टेबल तुमचं. नवा कोरा कॉम्प्युटर देते. हे काय, पोचा आलेलं धूड!"

दादाचं घर हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर. त्याच्या मनात एक सरळ हिशेब उभा राहिला. ऑपरेटरने तो मोडला.

"जाहिरातीत घरबसल्या लिहिलं होतं. मी माझ्या खोलीत बसूनच करीन."

"अहो, पण नवीन मशीन—"

"नव्यात चित्रं फार असतात. सगळी मेहनत माझ्या न दिसण्यावर फुकट जायची."

मॅडम हसल्या. "बरं बाई. रेकॉर्डिंग पाठवत जाते. आजचं पूर्ण करून जा."

तिने पूर्ण केलं.

इमारतीच्या दाराशी आल्यावर दादा थांबला. डबा खांद्यावर तसाच.

"ऐक. मी मालकांना सांगून ठेवलंय, पहिल्या तारखेला खोली रिकामी होईल म्हणून."

तिची पावलं थांबली. "कधी सांगितलंस?"

"तू महिनाअखेरपर्यंत थांब म्हणालीस ना, त्याच दिवशी."

तिने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उभी राहा इथे," तो म्हणाला. "आत जाऊन सांगतो की नाही सोडत. चूक माझी, निस्तरणं माझं."

"तू नाही. तू बोलायचं नाहीस. खोली माझी आहे."

तिने भिंतीला हात लावला, दार सापडलं, तिने कडी वाजवली. मालक बाहेर आले. तिने चारच वाक्यांत सांगितलं. खोली सोडत नाही, भावाने न विचारता सांगितलं, मला काम मिळालंय, यापुढे खोलीचं काही असेल तर मला विचारायचं. मालक दादाकडे पाहू लागले.

"त्यांच्याकडे नका पाहू," ती म्हणाली. "मी बोलतेय."

मालक खाकरले. "एकटीने जमेल ना सगळं?"

"जमतंय की."

मग ती जिना चढायला लागली. हात कठड्यालाही लावला नाही. दादा डबा सावरत तिच्या मागे निघाला, आणि पहिल्या वळणावरच मागे पडला.