जिवलीबाईच्या स्वयंपाकघरातली सुट्टी

मनोरच्या मुलींच्या एका वसतिगृहात जिवलीबाई गेली एकोणीस वर्षं स्वयंपाक करते. साठ मुलींचं वरण एका टोपात शिजवायचं, आणि शेवटच्या मुलीच्या ताटात ते पहिलीइतकंच दाट पडलं पाहिजे, एवढं एकच तिचं व्रत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक वाणगावला सुखाने नांदते आहे. जिवलीबाई स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहते. एकटं वाटत नाही का, असं कुणी विचारलंच तर, आधी एकटी होऊ तर दे, म्हणून हसते. बाई समाधानी आहे. फक्त भांड्याकुंड्यांना कुणी धक्का लावला की तिचं डोकं फिरतं.

आणि धक्का लावण्यात वैष्णवीचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौदा वर्षांची, आठवीतली, बोईसरची पोर. स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्टी होती, तिच्या आदल्या दिवशी तिने अभ्यासाच्या खोलीची काच फोडली. गणपतीच्या सुट्टीआधी मैत्रिणीची वेणी कात्रीने कापली. अधीक्षिका स्वातीमॅडमनी दोन्ही वेळा नेहमीची शिक्षा सुनावली, सुट्टीत घरी जायचं नाही. दुसरी कुणी असती तर रडून वसतिगृह डोक्यावर घेतलं असतं. ही मुकाट राहिली.

सुट्टीत चार-पाचच मुली उरायच्या, ज्यांचे आईबाप कामासाठी परगावी गेलेले असत. त्या दिवसांत वैष्णवीसारखी गुणी पोर शोधून सापडली नसती. न उठवता उठायची, तांदूळ निवडायची, लहानग्यांच्या वेण्या घालायची, भाकरी थापताना गुणगुणायचीसुद्धा. जिवलीबाईला वाटायचं, शिक्षा लागू पडली. पण पुढची सुट्टी जवळ आली की पुन्हा चिडचिड, पुन्हा मारामाऱ्या, ताटातलं अन्न तसंच.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस उरले होते. वैष्णवीने जिवलीबाईचा पाण्याचा मोठा माठ सगळ्यांदेखत फरशीवर आपटला. जिवलीबाई तणतणत मॅडमकडे गेली. ही पोर हाताबाहेर गेली, तिचं नाव काढून टाका आणि बापाच्या हवाली करा, असं तिने एका दमात सांगून टाकलं. मॅडमही कंटाळल्या होत्या. त्यांनी लगेच वडिलांना फोन लावला आणि उद्या येऊन मुलीला कायमचं घेऊन जायला सांगितलं.

जिवलीबाई खापऱ्या गोळा करत असताना वैष्णवी आली आणि ओल्या फरशीवरच बसली. तिच्या चेहऱ्यावर रंग उरला नव्हता.

"मावशी, सुट्टीत ठेवतात तसं ठेवा ना. घरी नका पाठवू."

"मंग फोडला कशाला?"

"फोडलं की ठेवतात."

जिवलीबाईचा हात थांबला. काच, वेणी, माठ, सगळं सुट्टीच्या तोंडावर. एकोणीस वर्षं पोरी सांभाळल्या आणि एवढं साधं आपल्याला दिसलं नाही.

मग पोर थोडं थोडं बोलली. तिचे वडील कारखान्यात ऑपरेटर. दारूला शिवत नाहीत, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, जिवलीबाईला ताई म्हणायचे, स्वयंपाकघरासाठी फरसाण आणायचे. घरी तोच माणूस बारीकसारीक कारणावरून कमरेचा पट्टा काढायचा. रडलं तर आणखी. आई दुसऱ्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घ्यायची. इथे कुणी नुसतं मोठ्याने बोललं तरी वैष्णवीचे हात कापायला लागत आणि ती समोरच्यावर धावून जाई. का, ते तिचं तिलाही कळत नव्हतं. जिवलीबाईला लाज वाटली. ते फरसाण तिने कौतुकाने खाल्लं होतं.

ती तशीच मॅडमकडे गेली. एरवी ती उंबऱ्यातूनच बोलायची. आज आत जाऊन खुर्चीवर बसली.

"चूक माझी झाली, मॅडम. पोरीला घरी धाडायची नाय. तुमी धाडलीच, तर मी पण ऱ्हात नाय हितं."

मॅडमनी वैष्णवीला बोलावलं, दार लावून तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पालघरच्या बालकल्याण समितीला फोन केला. दुसऱ्या दिवशी वडील आले, तेव्हा समितीच्या एक बाई मॅडमशेजारी बसल्या होत्या. आत बराच वेळ बोलणं चाललं. जिवलीबाई डाव हातात घेऊन दाराशी उभी होती, वरण करपलं तरी हलली नाही. तो माणूस एकटाच बाहेर पडला. आणलेला फरसाणाचा डबा तिने त्याच्या हातात परत दिला.

दिवाळीत वसतिगृहात सहा मुली होत्या. वैष्णवीला समितीने तिथेच ठेवायचं ठरवलं होतं. जिवलीबाईने करंज्या लाटता लाटता तिला ते सांगितलं. पोरीचा विश्वास बसेना. नाताळात पण का, तिने विचारलं. नाताळात पण. उन्हाळ्यात? उन्हाळ्यात पण.

वैष्णवी हातातल्या पारीकडे बघत राहिली.

"त्यासाठी मला काय करावं लागेल?"

जिवलीबाईने लाटणं बाजूला ठेवलं.

"काय नाय करायचा. भूक लागली का सांगायचा."

वैष्णवीने पारी पोळपाटावर ठेवली. मग म्हणाली, "लागलीय."