आईचं जातं

माझे वडील लढाईवरून परत आले ते पलटणीची शिस्त सोबत घेऊनच. गावातल्या घरात तीन जावा, त्यांची पोरं आणि एकच चूल. आई त्या घरात इतकी वर्षं सगळ्यांत शेवटी जेवली होती. वडील आल्यावर तिनं एकच मागणं केलं: आपलं वेगळं घर करू, भले माळावर का असेना.

माळ आमचाच होता, पलूसच्या अलीकडे. वडील पलटणीत आणि थोरल्या चुलत्यांना गावचं काळं रान पुरे, त्यामुळे तो वर्षानुवर्षं पडीक होता. बोरी, निवडुंग, हरळी आणि गाळानं बुजलेली विहीर. चुलते म्हणाले, "दोन सुगी बघतो. न्हाई जमलं तर गपगुमान घरला या." आई गाडीत सामान चढवत होती. तिनं जात्याला हात घातला तसे ते पुढं म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या हितंच. माघारी तर यायचंच हाय."

जातं आईच्या माहेरचं होतं. तिनं त्यावरचा हात काढून घेतला, आणि माळावर पोचेपर्यंत तिचा चेहरा मी बघत होते. तिथं गेल्यावर दळायला ती शेजारच्या वस्तीवर जाई. दुसऱ्याच्या जात्यावर दळायचं म्हणजे घरधनिणीचं आटपेपर्यंत तिष्ठत बसायचं. मला त्या बाईचा मनस्वी राग यायचा. तिनं तर आमचं काहीच वाकडं केलं नव्हतं.

वडिलांनी विहीर उपसली, निवडुंग तोडला, छप्पर उभं केलं. कामाला माणूस वाघ होता, ते मी कधी नाकारणार नाही. पण त्यांना रानसुद्धा छावणीसारखं लख्ख लागे. रोज सकाळी आम्हा पोरांना झाडझुड. पाला, काटक्या, गवत, सगळं गोळा करून पेटवायचं. अंगणाच्या कडेनं दगड मांडून त्यांना चुना दिला. दारातल्या एकुलत्या आंब्याच्या बुंध्यालाही चुना. सगळ्या माळाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं आणि एक फाटक केलं. वाटसरू थांबून बघत आणि हसत पुढं जात.

दिवाळी झाली आणि माणदेशाकडून धनगर मेंढरं घेऊन खाली उतरले. दरसाल ते आमच्या पडीक माळावरूनच जात. या वर्षी फाटकात वडील उभे. त्यांनी कळप वळवून लांबच्या वाटेला लावला. आई छपराच्या दारातून बघत होती. "आवं, दोन राती बसवली असती तर रानाला खत झालं असतं," ती म्हणाली. वडील म्हणाले, "घान करत्यात."

त्या सुगीला जोंधळा गुडघ्याच्या वर गेला नाही. कणसं अंगठ्याएवढी. चुलते एकदा येऊन बांधावरूनच बघून गेले. त्यांचं ते बांधावरून माघारी फिरणं आईला फार लागलं. एक सुगी गेली होती. आता एकच उरली होती.

उन्हाळ्याच्या अखेरीला तोच कळप परत वर निघाला. वडील मोटेचं कातडं आणायला सांगलीला गेले होते. आई डोक्यावर पदर घेऊन वाटेवर जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्या धनगरानं हात जोडले. "बाई, मागल्या टायमाला तुमच्या मालकानं वाटंवरनं हाकललं. आता बसवून शिव्या खायाच्या व्हय?"

"शिव्या मी खाईन," आई म्हणाली. "तुमी वाघर लावा."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. आईनं स्वतः कुंपणाच्या फांद्या ओढून बाजूला केल्या. मेंढरं बसवल्याबद्दल धनगरांना द्यायला म्हणून घरातला होता नव्हता तो जोंधळा काढला. पुढं पावसाळाभर आम्ही हुलग्याचं माडगं पीत होतो. आजही मला त्याचा वास सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी वडील आले तेव्हा चुन्याचे दगड उलथेपालथे झालेले, अंगणात लेंड्या आणि एक कोकरू आंब्याच्या बुंध्यावरचा चुना चाटत होतं. वडिलांनी कातडं खाली ठेवलं.

"कुंपन कुनी मोडलं?"

"मी. काय बोलायचं ते मला बोला. पर मेंढरं हलवायची न्हाईत. मला माघारी जायाचं न्हाई."

आईला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती तेव्हाही रडली नाही, पण शेवटचं वाक्य ओरडूनच बोलली. वडिलांनी कोकराकडं बघितलं. मग धनगराशेजारी उकिडवे बसले आणि काटकीनं मातीत माळाचा नकाशा काढायला लागले. आज कळप इथं, उद्या तिथं, परवा विहिरीच्या अंगाला. धनगर नुसता मान हलवत होता. त्या दिवसापासून आमच्याकडं पाला पेटवणं बंद झालं, आणि झाडझुडीचा कचरा उकिरड्यात जाऊ लागला.

त्या सुगीला जोंधळ्यात माणूस दिसेना. बांधावर घेवडा, विहिरीकडं वांगी आणि छपरावर भोपळे इतके, की मला भोपळ्याचा कंटाळा आला. मळणी झाली आणि चुलते आले. रिकामी गाडी घेऊन. आमचं सामान न्यायला आले होते, हे सगळ्यांनाच कळलं. ते खळ्यावरच्या राशीपुढं उभे राहिले, मग भाकरीला बसले.

जाताना वडिलांनी त्यांच्या गाडीत पोती चढवली, वर भोपळे. "रिकामी आनली व्हती," चुलते हसले. आई दाराआडून म्हणाली, "भावजी, आता माझं जातं तेवढं पाठवा."

चुलत्यांनी कासरा हाती घेतला. मग म्हणाले, "उद्याच धाडतो."

जातं आलं. वडिलांनी जमीन चोपून ते नीट बसवलं. पहाटे आई दळायला बसली. ओवी नाही, काही नाही, नुसती दळत राहिली. मी उठून तिच्या मांडीला टेकले आणि पिठात हात घातला. ते गरम होतं.