बंबातलं पाणी आणि अडकलेली पुली

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. चार बुकं शिकले, ती निदान या कामी यावीत.

लग्न होऊन धारहून देवासला आले तेव्हा आमचं बिऱ्हाड पिठाच्या चक्कीच्या आवारातच होतं. आमचे हे चक्कीवर मिस्त्री होते. चक्की तेलाच्या इंजिनावर चाले. तसलं इंजिन तेव्हा नवलाचं, लोक दळण ठेवून ते बघत उभे राहात.

माझी मुलगी चालायला लागली त्या वर्षी पावसाळा सरल्यावर यांनी इंजिन खोलून साफ केलं आणि परत जोडलं. तेव्हापासूनच ते खोकायला लागलं. काळा धूर टाकी, मधेच फाटकन आवाज करी. मी स्वयंपाक करताना ऐकत असे. आवारातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते कोणालाच आठवेना.

एक दिवस मी बाहेरची होते, कोणाला शिवायचं नाही म्हणून मागच्या पडवीत बसले होते. माझी मुलगी नुकती पळायला लागलेली. ती दुडुदुडु इंजिनाच्या खोलीत शिरली ती थेट फिरत्या पट्ट्याकडे. मी शिवाशीव बघत बसायला हवं होतं काय? मी धावले, तिला उचललं आणि बाहेर आले. पाठीमागे इंजिन फाटकन वाजलं आणि बंद पडलं.

मग ते काही केल्या चालू होईना. हमाल चाक फिरवून फिरवून घामाघूम झाले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मिस्त्रीच्या बायकोचा विटाळ इंजिनाला झाला. पोरगी पट्ट्यात गेली असती, हे एकाही तोंडातून निघालं नाही. चक्कीचे मालक शेठजी ओट्यावर येऊन यांना म्हणाले, "भिया, मशीन में देवता रहे है. बाई को थोड़े दिन पीहर भेज दो." सासूबाईंनी पडद्याआडूनच होकार भरला आणि धारला जाणारी गाडीही ठरवून टाकली. चौथ्या दिवशी न्हाणं झालं की पाचव्या दिवशी पहाटे निघायचं. असा ठपका घेऊन मी वडिलांच्या दारात उतरायचं, आणि त्यांनी काय म्हणून विचारलं तर काय सांगायचं?

हे मात्र इंजिनापासून हलले नाहीत. इंजिनाच्या दांड्यावरची, पट्टा फिरवणारी मोठी पुली काढायची होती. तिच्या मागे दोन दातेरी चाकं असत, लहान आणि मोठं. लहानावर एक टिंब, मोठ्यावर दोन. ते एक टिंब त्या दोनांच्या मधे बसलं तरच इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडतात. बरे दिवस असताना यांनीच मला हे कौतुकानं दाखवलं होतं. पुली बसवताना यांनी ती घणानं ठोकून बसवली होती, तेलाचं बोटही न लावता. आता ती निघेना. पाचर निघाली, घासलेट ओतून झालं, पुली जागची हलली नाही. एका हमालानं घण घातला तर कडेचा टवकाच उडाला.

चौथ्या दिवशी शेठजींच्या घरी इंजिनाचा विटाळ जावा म्हणून होम करून शांती होती. सगळे गडी तिकडे जेवायला गेले. मी नुकतीच न्हाऊन ओले केस बांधत होते, तेवढ्यात हे दारात आले.

"बंबात पाणी आहे का?"

"आहे. उकळतंय."

"घेऊन ये. हाताखाली कोणी नाही."

यांनी पुलीच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या जाड भागाला, एक जाड पट्टी बोल्टांनी बांधली होती आणि मधला बोल्ट दांड्यावर टेकवून पिळत होते. तुंबा तापून फुगावा म्हणून मी तांब्यातांब्यानं उकळतं पाणी त्यावर ओतत राहिले. ज्या पाण्यानं मी शुद्ध झाले तेच पाणी ते. बंब रिकामा होत आला तेव्हा खडकन आवाज झाला आणि पुली बोटभर पुढे आली. मग हातानंच निघाली.

मी वाकून बघितलं. लहान चाकाचं टिंब त्या दोनांच्या मधे नव्हतं, एक दात बाजूला होतं.

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चाक काढलं, एक दात फिरवून बसवलं, या वेळी तेल लावून पुली चढवली. इंजिन दुसऱ्याच फिरवणीला सुरू झालं, खोकला नाही की धूर नाही. आवाज ऐकून गडी अंगाऱ्याची पुडी घेऊन पळत आले. शेठजी हात जोडून म्हणाले, शांती पावली. हे हात पुसत उभे होते.

रात्री यांना जेवायला वाढलं आणि मी ताटासमोर उभी राहिले. यांच्यासमोर मान वर करून मी तोवर कधी बोलले नव्हते.

"गाडी उद्या येणार आहे. मी जाते. पण वडिलांनी विचारलं तर टिंब कुठे होतं ते मी सांगणार."

"माझी नोकरी जाईल गं."

"आणि माझं काय गेलं?"

सासूबाई आत ऐकत होत्या. हे अर्ध्या ताटावरून उठले, शेठजींकडे गेले आणि परत येऊन म्हणाले, गाडी नको म्हणून सांगितलंय. चूक आपली होती असं तिथे म्हणाले का, ते मी विचारलं. म्हणाले, "पुली अडकली होती, एवढं सांगितलं."

एवढंच. मी राहिले, नोकरी राहिली, आणि गल्लीत अजूनही सांगतात की त्या शांतीनं इंजिन चाललं. माझ्या विटाळाची गोष्टही त्यासोबत सांगतात, माझ्या मुलीदेखत.

दसऱ्याला इंजिनाची पूजा असते. घरच्या सवाशिणीनं पुलीला कुंकू लावायचं असतं. मी ताट तयार करते, फुलं, अक्षता सगळं नीट ठेवते, आणि ताट यांच्या हातात देते. दर वर्षी सासूबाई म्हणतात, तू लाव गं. मी पुलीपासून मागे सरते. हे ताट घेतात आणि स्वतः लावतात.