आधी ऐका, मग आत घ्या

मन्मथअप्पा कुणाच्याही दारात आधी चप्पल काढत नसत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणत, "आधी ऐका, मग आत घ्या. मी जेल भोगून आलेला माणूस हाय." नोकरी मागायला आलेला माणूस अशी सुरुवात करतो का? मी लातुरात एका क्लासच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. माझ्यापुढेही त्यांनी हेच केलं, आणि हसावं की कपाळावर हात मारावा ते मला कळेना.

भूकंपानंतर त्यांच्या गावात निवाऱ्यासाठी पत्रे वाटताना रांगेत भांडण झालं होतं. अप्पांनी हणमंत नावाच्या भावकीतल्याच माणसाच्या हातावर पहार घातली. हात कायमचा वाकडा झाला. "त्यानं ढकललं, पण मारलं मीच. खोटं कशाला बोलू?" एवढंच ते सांगत. तुरुंगात त्यांना भटारखान्यात लावलं आणि तिथेच ते शेकडो माणसांचा स्वयंपाक शिकले. बाहेर आले तोवर लातुरात गल्लोगल्ली क्लास, वसतिगृहं, खानावळी उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांना आचारी हवा होता, आणि हा आचारी दारोदार फिरत होता.

आमच्याकडे ते आले ते नेमके येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात जेवायला जातं. आमचा आचारीही गावी गेलेला, आणि लांबून शिकायला आलेली पोरं खोल्यांत तोंड पाडून बसलेली. मी म्हटलं, "अप्पा, ऐकलं सगळं. आता चप्पल काढा आणि चूल पेटवा." त्यांनी तुरीच्या-वाटाण्याच्या दाण्यांची, पालेभाजी घालून दाट भज्जी शिजवली, ताकातली आंबील केली, बाजरीचे उंडे वळले. एरवी अर्धं ताट टाकणारी पोरं पातेलं खरवडत होती. क्लासचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणत, तेही आले. पुन्हा मागून आंबील प्याले आणि म्हणाले, "रेक्टर, यांनाच कायम करा."

झालं होतं की काम! मी डोळ्यांनी खुणावत होतो, अप्पा, आज तेवढं गप्प राहा. पण छे. "सर, आधी ऐका," सुरू झालंच. सरांनी पेला खाली ठेवला. "पोलिसांचा दाखला लागतो हो आमच्याकडे. पालक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा आले ते हणमंतला घेऊन. त्यानं बाही वर सारून वाकडा हात सरांपुढे धरला. "ह्यानंच मोडलेला हाय. माझ्या पोरीच्या लग्नात ह्याच्याच हातचं जेवलं सगळं गाव. माझं मिटलं, तुमचं काय अडलंय?" सर म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे," आणि पुढच्या बॅचला शिकवायला निघून गेले.

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. कोर्टानं दिलेली शिक्षा भोगून झाली, ज्याचा हात मोडला त्यानं माफ केलं, मग हे तिसरे न्यायाधीश कुठून उपटले? मी भांडलो. "तुमची नोकरी सांभाळा," असं उत्तर मिळालं. अप्पाच माझी समजूत घालत होते. "तुम्ही नका जीव जाळू. खरं सांगूनच मिळंल तवा मिळंल." पण लातुरात ते कुठेच मिळालं नाही, आणि एक दिवस अप्पा गाव सोडून गेले.

पुढे नांदेडच्या पलीकडे बहिणीकडे जाताना अर्धापुरात ते मला दिसले, ट्रकमध्ये केळीचे घड भरताना. मी हाक मारली तर लगबगीनं उतरले आणि मला बाजूला ओढलं. "इथं काही बोलू नका. कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. भागून राहिलंय."

जेवणाची वेळ होती. मुकादमानं मलाही बसवलं. भात कच्चा, वरण म्हणजे हळदीचं पाणी. हमाल स्वयंपाक करणाऱ्याला शिव्या घालत होते. अप्पा मुकाट्यानं जेवत होते. न राहवून मी हळूच म्हटलं, "अप्पा, तुम्ही का रांधत नाही?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि घास गिळला.

"हात लई चांगला हाय म्हणतील. मंग इचारतील, कुठं शिकला?"