समोरचा दगड

नातू मला नदीकाठच्या नव्या बागेत न्यायला निघाला तेव्हाच मी त्याला म्हणलं, "मला नको नेऊस. त्या काठाचं आणि माझं वाकडं हाय." तो हसला. त्याला वाटलं, आजीचे गुडघे दुखतात म्हणून बहाणे सांगतीय. गुडघे दुखतातच. पण वाकडंही खरंच आहे, आणि ते लई जुनं आहे.

माझं माहेर पाचोडकडचं. मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आम्ही दोघी बहिणी याच शहरात दिल्या, अक्का खाम नदीच्या पलीकडं आणि मी अलीकडं. दोघींचे सासरे जिगरी दोस्त, त्यांच्यामुळंच माझी सोयरीक जमली. रझाकारांच्या धामधुमीत माझ्या सासऱ्यानं शहर सोडलं तेव्हा बैलजोडी अक्काच्या सासऱ्याकडं ठेवली होती. पोलीस ॲक्शन झाली, माणसं परतली, माझं लग्नही झालं. सगळी घडी बसल्यावर सासऱ्यानं बैल मागितले, तर एकच आला. दुसरा मेला, असं अक्काचा सासरा म्हणाला. विकला, असं माझा सासरा म्हणाला. झालं. जाणं-येणं बंद, बोलणं बंद. माहेरीसुद्धा दोघींना एका वेळी धाडत नसत. तिला पंचमीला, मला दिवाळीला. बैल त्यांचा गेला आणि शिक्षा आम्हाला.

राहिली ती नदी. तेव्हा धुण्याचा दगड ज्याच्या त्याच्या घरचा असायचा. सासूकडून सुनेला मिळायचा, आणि दुसऱ्या बाईनं त्यावर एक पोलकं जरी आपटलं तरी भांडण ठरलेलं. माझा दगड काळा, बसका. अक्काचा दगड पलीकडच्या काठाला, बरोबर समोर. मधी गुडघाभर पाणी. माना खाली घालून, हात चालू ठेवून आम्ही बोलायचो. कुणी वरून बघितलं तर दोन बाया धुणं धुतायत, एवढंच दिसायचं. अक्काचं पहिलं पोर गेलं ते मला तिथंच कळलं. मला दिवस गेले ते नवऱ्याच्या आधी तिला कळलं. निघायची वेळ झाली की ती विचारायची, "झालं का गं धुणं?" आणि मी म्हणायची, "नाय, अजून हाय." बादली भरून ठेवलेली असली तरी.

मग गल्लीत नळ आला. सगळ्या बायांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. मी मात्र लांबच उभी राहिले. सासू म्हणाली, आता नदीवर जायचं कारण नाय. मी सासऱ्याचं पांढरं धोतर नळावर धुतलं, चहाच्या चोथ्याच्या पाण्यात बुडवून काढलं आणि वाळत घातलं. असं तीन-चारदा केलं. सासरा धोतर उजेडात धरून बघायचा आणि सरकारच्या नावानं बोटं मोडायचा. शेवटी त्यानंच हुकूम सोडला, "नळाच्या पाण्यात काय तरी मिसळतात. माझं धुणं नदीवरच जाईल." एवढ्या अकलेच्या माणसानं बैलापायी दोन घरं तोडली होती. या लबाडीचा मला कधी पस्तावा झाला नाही, आजही नाही.

पण सासऱ्याला फसवता येतं, सुधारणेला येत नाही. एका उन्हाळ्यात काठावर माणसं आली, दोऱ्या लावल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या बाजूला फरसबंदी घाट उभा राहिला. पायऱ्या, कठडा, बसायला ओटे. आमचे दगड पहारीनं उपटून पायाच्या भरावात टाकले. कुणी एका बाईला विचारलं नाही. वर पाटी लावली, की इथं कपडे धुऊन नदी घाण करू नये. शहराची गटारं तोवर वरच्या अंगाला नदीत सोडून झाली होती, ती कुणाला घाण वाटली नाहीत. घाण आमच्या लुगड्यांची होती. संध्याकाळी तिथं पुरुष येऊन बसायचे, गारव्याला. सगळे म्हणायचे, काय झकास जागा केलीय.

अक्काच्या बाजूला अजून काही बांधलं नव्हतं. ती येत राहिली. मी घराच्या धाब्यावर चढून बघायची. ती धुणं धुवायची आणि मधूनच मान वर करून या काठाकडं बघायची. तिथं पायरीवर बिड्या ओढणारी माणसं बसलेली असायची. मी हात केला तरी एवढ्या लांबून तिला दिसत नसावा. कारण तिनं कधी हात केला नाही.

मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मला सांगितलं नाही. दहाव्याच्या सकाळी सासू बोलून गेली, "तुझी अक्का तापानं गेली. आज दहावा हाय, नव्या घाटावर. आपल्या घरचं कुणी जाणार नाय." नवा घाट म्हणजे आमचाच काठ. जिती असताना ती माझ्या बाजूला कधी येऊ शकली नाही. आली ती अशी.

मी घरातलं होतं नव्हतं तेवढं धुणं बादलीत कोंबलं आणि गेले. सासरा दारातून ओरडत होता, मी वळून बघितलं नाही. घाटावर भटजी, अक्काचा नवरा, तिची पोरं. मी खालच्या पायरीवर, माझा दगड होता तिथं बसले आणि धुणं आपटायला लागले. राखणदार पाटीकडं बोट दाखवत आला. अक्काचा सासरा, तोच बैलवाला म्हातारा, त्याला म्हणाला, "राहू दे. तिची बहीण हाय." आयुष्यात त्या माणसाचं मला पटलेलं हे एकच बोलणं.

त्याच काठावर आता ही बाग. घाट उखडून चकचकीत फरशा, रेलिंग, दिवे. नातू मला हाताला धरून खाली घेऊन गेला आणि म्हणाला, "आजी, बघ तुमच्या काळातलं." बघते तर सिमेंटची बाई. रंगवलेलं हिरवं लुगडं, पुढ्यात दगड, हातात पिळा, तोंडावर हसू. शेजारी पाटी, की इथं कपडे धुण्यास सक्त मनाई आहे. आधी आम्हाला हाकललं, आता आमचा पुतळा करून हसवत बसवलंय.

गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगेला साहेब तिथं उभा होता. मी त्याला विचारलं, "हिच्या समोरची कुठंय?"

"समोरची कोण?"

"पलीकडच्या काठाची. ही हसतीय कुणाकडं बघून?"

त्यानं हातातला कागद चाळला. मग म्हणाला, "आजी, एकच मंजूर होती."

मी त्या सिमेंटच्या बाईशेजारी खाली बसले, तोंड पलीकडं करून. पलीकडं आता गाड्या लावायची जागा केलीय. राखणदारानं शिट्टी मारली, पुतळ्याजवळ बसायचं नाय म्हणाला. मी ऐकलंच नाही असं केलं. नातू चुळबुळत उभा राहिला. बऱ्याच वेळानं वाकून त्यानं विचारलं, "झालं का आजी?"

"नाय," मी म्हणलं. "अजून हाय."