मैदानाखालचा बॉक्साइट

रोह्याच्या वरच्या डोंगरात आमची बॉक्साइटची खाण होती. आता तिथं माणूस नाय. चाळींचे पत्रेसुद्धा लोकांनी काढून नेले. इथं आखातात कोणी गाव विचारलं की मी नुसतं रोहा सांगतो.

पण हॉकी होती आमच्याकडे. पेणपासून कोलाडपर्यंत सगळे क्रिकेटवाले, डोंगरावरचे आम्ही तेवढे हॉकीवाले. ती आणली ड्रिल चालवणाऱ्या काकांनी, झारखंडातून. तांबडी माती पसरून, रोलर ओढून मैदान त्यांनीच केलं. मी सातवीतून शाळा सोडली, साध्या भोंग्यालाही दचकायचो. मला त्यांनी गोलमध्ये उभं केलं, जुन्या कन्व्हेयरच्या पट्ट्याचे पॅड कापून पायांना बांधले. म्हणाले, "डर लागतो ना? अच्छा हाय. बॉलवरून नजर हटणार नाय तुझी."

खाण संपत आली तेव्हा साहेबांनी सगळ्यांना मैदानातच बोलावलं. माल आता फक्त याच्याखाली उरलाय, म्हणाले. खोदलं तर पावसाळ्यापर्यंत काम, नाहीतर उद्यापासून गेट बंद. तुम्हीच ठरवा, हात वर करा.

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी हात वर केला. मग बाकीचे हात भराभर वर गेले, माझाही. मागून कोणीतरी बोललं, "काय रे गोलकीपर, हा गोल नाय अडवलास?" लोक हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी काकांनीच ड्रिल लावलं. पहिलं भोक माझ्या गोलच्या तोंडाशी. निघालेली भुकटी मी फावड्यानं ओढत होतो. ती माझी पहिली नोकरी. आठ दिवसांत खाली नुसती पिवळी, चिकट माती लागली. नवव्या दिवशी गेट बंद. साहेबांनी आधी तपासून बघितलं होतं का, हे कोणी विचारलंच नाय. हात आम्हीच वर केले होते ना.

काका आता धाटावला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. मला इथं चिकटवलं तेही त्यांच्याच ओळखीनं. हे उपकार आठवून इतकी वर्षं गप्प बसलो. परवा फोनवर धीर करून विचारलं, "काका, तुम्ही हात का वर केलात?"

"मी नाय केला असता तर तुमच्यातला एक पण करणार नव्हता. मग चुली बंद झाल्या असत्या, आणि शिव्या मला."

मग म्हणाले, "पण मला वाटलेलं, तू तरी हात खाली ठेवशील रे."

शिफ्टची बस आली होती. तेवढं सांगून मी फोन ठेवला.